घरं रंगवणाऱ्यांचा इतिहास कसा शोधावा: एका नावापासून, एका भिंतीपासून

रंगाऱ्याचं काम पुढचा रंगारी झाकतो. गवंड्याची भिंत उभी राहते, सुताराचं दार शंभर वर्षांनीही त्याच बिजागऱ्यांवर फिरतं. रंगाऱ्याने आठ-दहा दिवस खपून रंगवलेली खोली मात्र काही वर्षांत पोपडे धरते, आणि कुणीतरी ते खरवडून वरून नवा हात मारतं. म्हणून घराच्या इतिहासात मालकाचं नाव येतं, वास्तुविशारदाचं येतं, क्वचित गवंड्याचंही येतं. रंगाऱ्याचं येत नाही.

तरीही ही माणसं कागदावर आहेत. मात्र ते कागद त्यांनी स्वतः लिहिलेले नसतात. जनगणनेचा कारकून, डॉक्टर, न्यायालयातला लेखनिक, उधारी थकलेला दुकानदार अशा परक्या हातांनी त्यांची नोंद झालेली असते. पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: रंगाऱ्याला शोधायचं तर जिथे पैसा हलला किंवा जिथे काही बिनसलं, तिथे शोधा. काम सुरळीत पार पडलं की कागद उरत नाही. शिडीवरून कुणी पडलं, मजुरी थकली, मनगट लुळं पडलं, की कागद तयार होतो.

पहिली पायरी: एक माणूस किंवा एक भिंत

‘रंगाऱ्यांचा इतिहास’ हा विषय घेऊन अभिलेखागारात गेलात तर संध्याकाळी रिकाम्या हाताने परत याल. एक नाव घ्या, एक इमारत घ्या, नाहीतर एक छोटी फर्म घ्या. घराण्यात कुणी रंगारी असेल तर त्याच्यापासून सुरुवात करणं सर्वांत सोपं. तसं कुणी नसेल तर एखादी जुनी इमारत निवडा, जिचे हिशेब जपलेले आहेत. शाळा, रुग्णालय, देवालय, सरकारी कचेरी अशा संस्था बिलं फेकत नाहीत, त्यामुळे खासगी घरापेक्षा तिथे यश लवकर मिळतं.

कुठेही जाण्याआधी एका कागदावर तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे ते कसं कळलं हे नोंदवा. ‘आत्याने सांगितलं’ आणि ‘दाखल्यावर पाहिलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा महिन्यांनी त्या डोक्यात एकमेकींत मिसळतात आणि मग कुठलं ऐकीव, कुठलं पाहिलेलं, हे तुम्हालाच सांगता येत नाही.

प्रश्नही असा ठेवा की त्याचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असू शकेल. ‘पणजोबांचं आयुष्य कसं होतं?’ याचं उत्तर कुठल्याच दप्तरात नाही. ‘१८९० ते १९१० या काळात ते वर्षातले किती महिने कामावर असत, आणि कुणाकडे?’ हे शोधता येतं.

धंद्याच्या नावाने चकवा देऊ नये म्हणून

इंग्रजी नोंदींत ‘पेंटर’ हा एकच शब्द चित्रकाराला, घर रंगवणाऱ्याला, बग्गी रंगवणाऱ्याला आणि जहाज रंगवणाऱ्यालाही लागतो. आपल्याकडच्या ‘रंगारी’ शब्दातही कापड रंगवणारा आणि भिंत रंगवणारा असे दोघे बसतात. फ्रेंचमध्ये घर रंगवणाऱ्याला ‘इमारतीतला पेंटर’ म्हणून वेगळं काढतात. इटालियनमधला ‘इंबियांकिनो’ म्हणजे शब्दशः पांढरं करणारा. स्पॅनिशमध्ये तो ‘जाड ब्रशचा रंगारी’ होतो. जर्मनमध्ये मालर, आनस्ट्रायशर, ट्युन्शर, वाइसबिंडर असे प्रांताप्रांताचे शब्द आहेत. ज्या भागात शोधणार, तिथले असे सगळे शब्द आधी जमवा, नाहीतर डिजिटल शोधात अर्धी माणसं निसटतील.

जोडधंद्यांकडेही लक्ष द्या. इंग्लंडच्या छोट्या गावांत ‘प्लंबर, पेंटर आणि ग्लेझिअर’ अशी पाटी सर्रास असे. नळाचं काम, रंगकाम आणि काचा बसवणं यांना बांधणारा धागा म्हणजे शिसं: शिशाचे नळ, काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या आणि शिशाचा सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग. तुमचा रंगारी रंगाऱ्यांत सापडत नसेल तर प्लंबरांच्या यादीत पाहा.

एकच माणूस एका जनगणनेत ‘पेंटर’, दहा वर्षांनी ‘डेकोरेटर’ आणि म्हातारपणी ‘मजूर’ दिसतो. लगेच चढ-उताराची गोष्ट रचू नका. शब्द कुणी निवडला ते आधी विचारा. कारकुनाने ऐकून लिहिला, की माणसाने स्वतः लिहिला? १९११ च्या इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखांनी भरलेले मूळ अर्जच जपलेले आहेत. एरवी ज्याच्या हातचं एक अक्षरही उरलेलं नाही अशा रंगाऱ्याचं हस्ताक्षर, त्याने खोडून पुन्हा लिहिलेला धंदा, मुलांची नावं हे सगळं तिथे दिसतं. तो अर्ज पाहायला मिळाला तर छापील सूचीवर भागवू नका, मूळ प्रत उघडा.

जनगणना: रकाने नीट वाचले तर

इंग्लंडमध्ये १८४१ पासून माणसांची नावं आणि धंदे मिळतात, पण त्या वर्षी मोठ्यांची वयं बहुधा पाचच्या पटीत खाली आणलेली आहेत. १८५१ पासून कुटुंबातलं नातं आणि जन्माचं गाव येतं. मुलांची जन्मगावं क्रमाने मांडा. थोरला एका गावात, मधली दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या. बाप कामामागे कसा फिरला त्याचा नकाशा तयार होतो. तिथली १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ सालच्या आगीत जळाली, तेव्हा पुढचा आधार म्हणजे १९३९ मध्ये, युद्धाच्या सुरुवातीला केलेली नागरिकांची नोंदवही. अमेरिकेत ७२ वर्षांनी कागद खुले होतात आणि १९५० पर्यंतचे आज पाहता येतात. तिथली १८९० ची जनगणना बहुतांश नष्ट झाली आहे.

अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत एक रकाना आहे, ज्यावरून मी रंगाऱ्यांच्या अभ्यासकाला कधीच पुढे जाऊ देणार नाही: गेल्या वर्षात किती महिने काम नव्हतं. तेलरंग थंडीत आणि ओलीत नीट वाळत नाही, त्यामुळे बाहेरचं काम हिवाळ्यात बंद पडे आणि आतलं काम सगळ्यांना पुरत नसे. रंगाऱ्यांच्या घरातली तंगी हंगामी होती, आणि ती इथे आकड्यांत उतरली आहे. एकाच माणसाचा आकडा घेऊन निष्कर्ष काढू नका. एका प्रभागातले सगळे रंगारी घ्या, त्याच प्रभागातले सगळे सुतार घ्या, दोघांचे बेकारीचे महिने शेजारी मांडा. दुपारभराचं काम आहे, आणि त्यातून जे दिसतं ते वाचलेलं नसतं, तुम्ही स्वतः मोजलेलं असतं. १९१० च्या तिथल्याच जनगणनेत आदल्या वर्षी किती आठवडे बेकार होता, हेही विचारलेलं आहे.

व्यवसायसूच्या, म्हणजे जुन्या शहरांच्या धंदेवार डिरेक्टऱ्या, उपयोगी आहेत. पण त्यात मालक सापडतो. रोजंदारीवरचा गडी सापडत नाही. रंगकामात मालक आणि गडी यांच्यातली भिंत पातळ होती. शिडी, चार ब्रश, हातगाडी आणि थोडी उधारी मिळाली की माणूस मालक होई, आणि एक वाईट हिवाळा त्याला परत मजुरीवर आणे. म्हणून डिरेक्टरीतून नाव गेलं की ‘धंदा बंद, बहुधा मृत्यू’ असं लिहू नका. दिवाळखोरीच्या सूचना राजपत्रात पाहा, मग पुढच्या जनगणनेत त्याच्यापुढे ‘नोकर’ लिहिलंय का ते तपासा.

शागिर्दी, संघ आणि खिशातली पुस्तिका

अठराव्या शतकाआधीच्या काळात जायचं असेल तर कारागीर संघांची दप्तरं हाच मुख्य रस्ता. लंडनमधले पेंटर आणि स्टेनर (कापडावर रंगवणारे) हे दोन संघ १५०२ मध्ये एक झाले आणि १५८१ मध्ये त्यांना राजाज्ञा मिळाली. युरोपातल्या अनेक शहरांत रंगवणाऱ्यांचे संघ संत ल्यूकच्या नावाने चालत. अशा संघांत नामवंत चित्रकार आणि दारं-खिडक्या रंगवणारे एकाच नोंदवहीत असू शकतात. कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या वह्या कित्येकदा चाळल्या, पण बहुतेकांनी ओळखीची नावं टिपली आणि बाकीची सोडली. ती सोडलेली नावं तुमची.

ब्रिटनमध्ये १७१० ते १८११ या काळात शागिर्दीच्या करारावर कर होता. त्याच्या वह्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. उस्तादाचं नाव, गाव, धंदा, शागिर्दाचं नाव आणि उस्तादाला दिलेली रक्कम त्यात मिळते. सुरुवातीच्या दशकांत शागिर्दाच्या बापाचंही नाव असतं. पण धर्मादाय खर्चाने शिकायला लावलेल्या पोरांवर हा कर नव्हता, म्हणून सर्वांत गरीब मुलं तिथे दिसणार नाहीत. ती त्या-त्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या गावविभागाच्या) गरीबनिधीच्या कागदांत शोधावी लागतात.

जर्मन भाषिक मुलखात एकोणिसाव्या शतकात फिरत्या कारागिराला प्रवासपुस्तिका बाळगावी लागे. फ्रान्समध्ये १८०३ पासून १८९० पर्यंत कामगारपुस्तिकेची पद्धत होती. कुठे, कुणाकडे, कधीपासून कधीपर्यंत हे त्यात मालकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या हातचं असतं. अशी पुस्तिका घरात सापडली तर आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कोरं पान आणि शिक्का पुसट झालेलं पानही सोडू नका.

कामगार संघटनांचे कागद यानंतरचे. अमेरिकेतल्या रंगाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८८७ मध्ये बाल्टिमोरला स्थापन झाली. ब्रिटनमधल्या बांधकाम संघटनांची बरीच दप्तरं वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये आहेत. सभासद नोंदवहीपेक्षा मदतनिधीची वही आधी मागा. आजारपणाची, मरणाची, अवजारं चोरीला गेल्याची मदत कुणाला दिली, यातून माणूस जास्त कळतो.

जिथे पैसा हलला: बिल वाचायला शिका

रंगकामाचं जुनं बिल पहिल्यांदा हातात आलं की ते कोरडं वाटतं. तसं नाही. सावकाश वाचा.

आधी पाहा की हिशेब मापावर आहे की रोजावर. मापावर असेल तर क्षेत्रफळ आणि किती हात दिले ते लिहिलेलं असतं. किती हात दिले यावरून मालकाने त्या खोलीला काय मान दिला ते दिसतं. बैठकीला चार हात आणि नोकरांच्या जिन्याला दोन, असा फरक एकाच बिलात सापडतो. रोजावर असेल तर किती माणसं, किती दिवस. समजा बिलात ‘दोन माणसं सहा दिवस, एक पोरगा सहा दिवस’ असं आहे. नावं नाहीत, पण टोळी तुमच्यासमोर उभी राहिली: दोन कारागीर आणि हाताखाली शिकणारा एक मुलगा. आता त्याच गावच्या जनगणनेत त्या ठेकेदाराच्या घरी राहणारा चौदा-पंधरा वर्षांचा शागिर्द आहे का ते बघा.

मग साहित्याच्या ओळी. सफेदा, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, शेंदूर, लांबी (पुट्टी), काचकागद. सफेदा आणि तेल वेगवेगळं विकत घेतलंय का? तसं असेल तर रंग कामाच्या जागी किंवा दुकानात मळला जात होता, आणि तो मळणाऱ्याच्या नाकातोंडात शिसं जात होतं. तयार रंगाची सुरुवातही नीट समजून घ्या. अलेक्झांडर एमर्टन हा लंडनचा रंगविक्रेता १७३० च्या दशकातच वाटून तयार केलेले रंग सूचनापत्रासह विकत होता, म्हणजे घरमालकाने नोकराकरवी घर रंगवून घ्यावं. त्याच्यामागे त्याच्या विधवेने, एलिझाबेथ एमर्टनने, धंदा चालवला. डब्यात भरलेल्या तयार मिश्र रंगाचं एक महत्त्वाचं अमेरिकी पेटंट १८६७ चं आहे. रंग मळण्याची आणि छटा जुळवण्याची विद्या हीच रंगाऱ्याची पुंजी होती. ती डब्यात भरून विकली जाऊ लागली तेव्हा त्याच्या मजुरीचं काय झालं, हा अभ्यास गावागावाच्या बिलांवरून अजून करण्यासारखा आहे.

विधवांवर इथेच एक शब्द. नवरा गेल्यावर बिलाच्या डोक्यावर बाईचं नाव येतं आणि काम पूर्वीच्याच गतीने चालू राहतं, असं दिसलं तर ती आदल्या दिवसापर्यंत घरात बसून होती असं समजू नका. हिशेब, उधारी, गड्यांचा पगार ती आधीपासून पाहत असणार, असा अंदाज ठेवून मागची बिलं हस्ताक्षरासाठी पुन्हा चाळा.

विम्याच्या वह्याही पैशाचाच माग आहेत. लंडनची सन फायर ऑफिस ही विमा कंपनी १७१० ची. तिच्या वह्यांत विमाधारकाचा धंदा, पत्ता आणि कशाचा किती विमा उतरवला ते आहे. छोट्या रंगाऱ्याने साहित्य आणि अवजारांची किंमत स्वतः काय लावली, हे दुसरीकडे कुठे मिळणार?

जिथे बिनसलं: शिसं, शिडी, न्यायालय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं मी सांगेन.

सफेदा म्हणजे शिशाचा कार्बोनेट. तो तेलात मळताना, आणि त्याहूनही अधिक वाळलेला रंग कोरडाच घासताना, त्याची धूळ शरीरात जाई. पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळं पडून हात खाली लोंबणं, मूत्रपिंड निकामी होणं, ही त्याची लक्षणं. रंगाऱ्याचं मनगट गेलं म्हणजे पोट गेलं. पॅरिसमध्ये शागिर्दीपासून वर आलेला रंगकंत्राटदार एदम-जाँ लक्लेर याने आपल्या गड्यांचे हाल पाहून १८४० च्या दशकात शिशाऐवजी जस्ताचा सफेदा वापरायला घेतला. त्याने १८४२ मध्ये गड्यांना नफ्यात वाटाही दिला. म्हणजे पर्याय माहीत होता, आणि तरीही शिसं पुढे कित्येक दशकं चाललं.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘शिशाची विषबाधा’ असं स्पष्ट क्वचित लिहिलेलं असतं. मूत्रपिंडाचा विकार, अर्धांग, झटके, पोटशूळ, असं काहीतरी असतं. रंगाऱ्याच्या दाखल्यावर असे शब्द दिसले तर ते टिपा, पण एका दाखल्यावरून निदान करू नका. त्याच गावातले वीस-तीस रंगारी आणि तितकेच सुतार घेऊन कारणं शेजारी मांडा, मग बोला.

सरकारी आकड्यांत एक भोक आहे, ते ओळखून वागा. ब्रिटनमध्ये १८९५ पासून कारखान्यातल्या शिसेबाधेची खबर देणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. घर रंगवणारा कारखान्यात काम करत नव्हता, त्यामुळे त्याचं आजारपण त्या बंधनाबाहेर राहिलं. म्हणून आकडा लहान दिसला तरी त्याचा अर्थ रोग लहान होता असा होत नाही. रुग्णालयांच्या केसबुकांत, म्हणजे डॉक्टरने रुग्णाशी बोलून लिहिलेल्या टिपणांत, जास्त मिळतं. अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी रंगाऱ्यांच्या आरोग्यावर केलेली पाहणी तिथल्या कामगार सांख्यिकी खात्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. ती जरूर वाचा. आपल्या माणसाच्या कामाच्या दिवसात धूळ कुठून येत होती हे तिच्यामुळे समजतं. १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १३ क्रमांकाचा करार केला आणि इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरायला, काही अपवाद सोडून, मनाई केली. ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांनी रंगाऱ्यांतल्या शिसेबाधेचे आकडे जमवावेत, असंही त्यात आहे. ब्रिटनने वेगळी वाट धरली आणि १९२६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तुमच्या देशाने काय केलं, हे पाहिलं की पुढचे सरकारी कागद कुठे आहेत ते आपोआप कळतं.

पडण्याचे अपघात वर्तमानपत्रांत सापडतात. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, अमेरिकेचं क्रॉनिकलिंग अमेरिका, फ्रान्सचं गालिका, हे जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटल संग्रह सगळे मोफत आहेत. फक्त नाव टाकून शोधू नका. ‘रंगारी’ आणि ‘शिडी’, ‘रंगारी’ आणि ‘परांची’, ‘रंगारी’ आणि ‘मृत्युचौकशी’ अशा जोड्या त्या-त्या भाषेत टाका. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून नावाची मोडतोड केलेली रूपंही टाकून पाहा. मृत्युचौकशीच्या बातमीत साथीदाराची साक्ष असते: दोर कुणी बांधला, शिडी कुणाची होती, मुकादम काय म्हणाला. शंभर वर्षांपूर्वीचा रंगारी स्वतःच्या तोंडाने बोलतो अशा जागा फार थोड्या आहेत, त्यातली ही एक.

दुसरी म्हणजे न्यायालय. लंडनच्या ओल्ड बेलीतल्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत आज शब्दशोधासह वाचता येतात. आरोपींपेक्षा साक्षीदार रंगारी शोधा. चोरीच्या खटल्यात आलेला साक्षीदार सहज सांगून जातो की मी अमुक घरात रंगकाम करत होतो, इतके वाजले होते, सोबत अमका होता. त्याला खटल्याशी देणंघेणं नसतं, पण त्याचा कामाचा एक दिवस आपल्या हाती लागतो.

वरून लिहिणाऱ्यांचं काय करायचं

आर. कॅम्पबेल यांनी १७४७ मध्ये लंडनच्या धंद्यांचं वर्णन करताना घरं रंगवणाऱ्या गड्यांना शहरातले सर्वांत गलिच्छ, आळशी आणि व्यसनी ठरवलं. जे जवळपास तितक्याच तासांत शिकता येईल त्यासाठी पोराला सात वर्षं कुणी बांधू नये, असंही म्हटलं. हे वाक्य पुढे पुष्कळांनी उचललं. माझा त्याला विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही. रंग वाटून तयार मिळू लागल्यावर, हिवाळ्यात रिकामे बसावं लागणारे लोक ‘आळशी’ दिसणारच. असा मजकूर गड्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वापरू नका. त्याच्याकडे कसं पाहिलं जाई, याचा पुरावा म्हणून वापरा.

उलट बाजूने लिहिणारा एक माणूस आहे. रॉबर्ट नूनन हा इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावात घरं रंगवणारा आणि पाट्या लिहिणारा कारागीर. रॉबर्ट ट्रेसेल या टोपणनावाने त्याने रंगाऱ्यांच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली. १९११ मध्ये लिव्हरपूलला तो क्षयाने गेला आणि गरिबांच्या सामाईक थडग्यात पुरला गेला. पुस्तक १९१४ मध्ये, तेही काटछाट होऊन, निघालं. त्याचं थडगं कुठे आहे हे १९७० पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. इतक्या वाचल्या गेलेल्या लेखकाची ही गत, तर तुमचा माणूस पहिल्या आठवड्यात सापडला नाही म्हणून खट्टू होऊ नका. आणि कादंबरीतला ठेकेदार म्हणजे तुमच्या गावचा ठेकेदार असं धरू नका. तिच्यातून शब्द घ्या, कामाची रीत घ्या, आणि हे सगळं कागदांशी ताडून पाहा.

भिंतीला विचारायचं

जुन्या इमारतीत काम चालू असेल तर परवानगी घेऊन जा. एक सूचना आधी: जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून स्वतः काचकागद मारू नका, कोरडं खरवडू नका, मुलांना सोबत नेऊ नका. ज्या आजाराचा इतिहास शोधतोय तो घरी आणायचा नाही.

रंगाच्या थरांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, तो राळेत बसवून घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद पाहतात. दोन थरांच्या मध्ये काजळीची रेघ असेल तर मध्ये वर्षं गेली. रेघ नसेल तर ते एकाच कामाचे हात, अस्तर आणि वरचा रंग. हाताने वाटलेल्या रंगात कण लहानमोठे दिसतात, यंत्राने वाटलेल्यात सारखे. टिटॅनियमचा पांढरा सापडला तर तो थर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा नाही. रोलरची दाणेदार खूण असेल तर तो १९४० नंतरचा. थरांची संख्या भागून वर्षं काढू नका, कारण स्वयंपाकघर जितक्या वेळा रंगतं तितक्या वेळा माळा रंगत नाही.

आणि सह्या शोधा. वॉलपेपरखाली, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर, कपाटामागे, माळ्याच्या तुळईवर रंगारी नाव आणि तारीख टाकून ठेवत. फ्रान्समधल्या पिकोमताल या गढीत जोआकिम मार्तां या सुताराने १८८० आणि १८८१ मध्ये जमिनीच्या लाकडी फळ्यांच्या खालच्या अंगाला आपल्या गावच्या आणि स्वतःच्या गोष्टी लिहून ठेवल्या. आपण गेल्यावरच कुणीतरी त्या वाचणार हे त्याला ठाऊक होतं. तो सुतार होता, पण झाकल्या जाणाऱ्या जागी लिहिण्याची ओढ रंगाऱ्यातही तीच. सह्या दिसल्या की तिरक्या उजेडात फोटो घ्या, मापासाठी पट्टी ठेवा आणि खोली, भिंत, जमिनीपासूनची उंची लिहा.

हातचं कसबही सही इतकंच बोलतं. साध्या लाकडावर कंगव्याने आणि ब्रशने महाग लाकडाच्या रेषा उठवण्याचं काम पाहा. बोल्टनच्या एका रंगाऱ्याकडे शागिर्दी केलेल्या थॉमस केर्शॉने रंगवलेले संगमरवरी आणि लाकडी भासाचे फलक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकचे वडील आणि आजोबा घरं रंगवणारे, तो स्वतःही तेच शिकला, आणि १९११-१२ च्या सुमारास त्याने तोच कंगवा आपल्या चित्रांत आणला.

जिवंत आहेत त्यांच्याशी बोला, आणि हे काम आधी करा

क्रमाने हे शेवटी लिहिलंय, पण करायचं सर्वांत आधी. कागद थांबतात. म्हातारे रंगारी थांबत नाहीत.

‘तुमचं आयुष्य सांगा’ म्हणू नका. हातात ब्रश द्या आणि विचारा, नवा ब्रश पहिल्या दिवशी कसा तयार करायचात? छटा कशी जुळवायची, ओली असताना की वाळल्यावर? पहिल्या वर्षी तुमच्याकडे कुठलं काम होतं, घासायचं की डबे धुवायचं? परांची कोण बांधे? घरात पुढच्या दाराने जायचात की मागच्या? घरातली माणसं तुम्हाला नावाने हाक मारत का? या शेवटच्या दोन प्रश्नांवर लोक बराच वेळ गप्प बसतात. बसू द्या, रेकॉर्डिंग चालू ठेवा. बायकोशीही वेगळं बोला. हिशेब, खोकला, कपडे धुणं आणि रिकामे महिने तिला जास्त लक्षात असतात. रंगाऱ्याच्या कामाचा कर्करोगाशी संबंध आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये मान्य केला आहे, तेव्हा आजारपणाचे प्रश्न सांभाळून विचारा, आणि रेकॉर्डिंगचं काय करणार ते आधी सांगून संमती घ्या.

घरातले फोटो मागा. टोळीच्या फोटोत शिडीच्या बाजूवर किंवा बादलीवर फर्मचं नाव रंगवलेलं असू शकतं. मागची इमारत ओळखता आली तर वर्ष सापडतं.

जुळवणी

एकाच नावाचे दोन रंगारी एका गावात असतात, बहुधा काका-पुतणे. नाव आणि धंदा जुळला म्हणजे माणूस जुळला असं नाही. पत्ता, वय, बायकोचं नाव, जन्मगाव यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन कागद एका माणसाच्या नावावर चढवू नका. एक साधी तक्ता-फाइल पुरते: तारीख, कागद, त्यात शब्दशः काय लिहिलंय, मी त्याचा काय अर्थ लावला, खात्री किती. शब्दशः आणि अर्थ हे दोन रकाने वेगळेच हवेत. न सापडलेल्याचीही नोंद ठेवा, म्हणजे तीच वही पुढच्या वर्षी पुन्हा चाळावी लागणार नाही.

लिहून झालं की एक प्रत त्या कुटुंबाला, एक स्थानिक ग्रंथालयाला द्या. हयात माणसांचे आजार आणि कर्ज त्यांना विचारल्याशिवाय छापू नका.

आणि ज्या भिंतीपासून सुरुवात केली ती आता पुन्हा रंगणार असेल, तर मालकाला सांगून कपाटामागे हातभर चौकोन न खरवडता ठेवून घ्या, सगळ्या थरांसकट. शेजारी आज काम करणाऱ्यांना त्यांची नावं आणि तारीख लिहायला सांगा. पेन्सिलने, कारण शाई पुढच्या रंगातून फुटून वर येते आणि मग कुणीतरी ती खरवडून काढतं.